खुळखुळ्यातला पांढरा ठिपका

"आत काय घातलंत?"

मान वर केली, तर दारात एक अनोळखी तरुण! मी ओट्यावर बसून खुळखुळ्याच्या दोन ओल्या वाट्या जोडत होते.

"राखेत घोळलेल्या मातीच्या गोळ्या. पण असं न विचारता डोकावायचं असतं व्हय?"

तो हसला. नाव उत्कर्ष, गाव आमच्याच जिल्ह्यातलं वाशी, नोकरी पुण्याच्या प्रयोगशाळेत. आमच्या तेर गावच्या मातीत सापडलेल्या जुन्या खुळखुळ्यांशी ताडून बघायला त्याला आजचा एक खुळखुळा हवा होता.

"मंजे फोडणार?"

"छे! क्ष-किरणांनी आतलं सगळं दिसतं. वस्तूला ओरखडासुद्धा नाही."

"मग मनातलंबी दिसत असंल..."

"मशीन लहान आहे हो. तुमचं मन मावायचं नाही!"

मला हसू आवरेना. मातीच्या हातानंच नाक पुसलं आणि वाट्या जोडून टाकल्या. भट्टीतून निघाल्यावर तो खुळखुळा घेऊन गेला... आणि माझी झोपही.

पण तो पहिल्यांदा आला त्याच संध्याकाळी, कीर्तनाला निघताना आई ओरडली, "वर्षे, नाकातली चमकी कुठंय?"

आजीची, सोन्याची चमकी! घर पालथं घातलं. माझं अंथरूण अयोध्यावहिनीनं झाडलं होतं. एवढ्यावरून आईचा संशय तिच्यावर गेला. गोरोबाकाकांच्या देवळात नाम सुरू झालं, की वहिनीचा सूर सगळ्यांत पुढं असायचा. ती आता टाळ मांडीवर ठेवून गप्प बसू लागली. शेवटी तिनं माहेरी, मुरुमला जायची पिशवी भरली. "चोर म्हणवून न्हाय राहायचं मला या घरात."

ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार, तोच उत्कर्ष आला. हातात लॅपटॉप, चेहरा गोंधळलेला.

"तुम्ही म्हणालात मातीच्या गोळ्या. मग हे काय आहे?"

पडद्यावर खुळखुळा थराथरानं उलगडत गेला. करड्या गोळ्या... आणि त्यांच्यात एक पांढराशुभ्र ठिपका, त्यातून चहूकडं फुटलेल्या रेघा.

"धातू आहे. जड असला की असाच झळकतो." त्यानं चित्र फिरवलं. बारीक फूल, मागं वळलेली तार...

माझा हात नाकाकडं गेला. नाक पुसलं तेव्हा... म्याच पाडली आत!

आई मटकन खाली बसली. मग उठली, वहिनीच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि तिच्यापुढं हात जोडले. "अयोध्ये... पाप झालं गं माझ्याकडून."

"आत्याबाई, हात नका जोडू!" वहिनी आईच्या गळ्यात पडून मनसोक्त रडली. मग डोळे पुसत उत्कर्षकडं वळली.

"पाव्हणं, चमकी पडली तवा ही कुणाकडं बघत हुती... ते दिसतं का वो मशीनमधी?"

मी वहिनीला चिमटा काढला.

उत्कर्ष लालबुंद झाला. लॅपटॉप मिटत हळूच म्हणाला, "ते... मला मशीनशिवायच दिसलं होतं. म्हणून तर पुण्याहून फोन न करता... स्वतः आलो."