दहाव्या जागेवरचा गूळ

कंदील जरा अलीकडं ओढा, म्हणजे मला तुमचं तोंड दिसेल आणि तुम्ही हसताय की घाबरताय तेही कळेल. आमच्या शाळेची ही गोष्ट ऐकताना दोन्ही चालतं. फक्त रडायचं नाही. तो व्यंकटराव गुरुजींचा कायदा होता, आणि गुरुजी गेले तरी त्यांचा कायदा काही गेला नाही.

मानवतला कापसाच्या एका जुन्या वखारीत गुरुजींनी खाजगी मराठी शाळा काढली होती. राज्य निजामाचं. सरकारी मदरशात सगळं उर्दूत, आणि खाजगी शाळेला इजाजत मिळवायची तर चपला झिजायच्या. वखारीच्या भिंतींत सरकीचा वास मुरलेला. खाली लांबलचक तरट, त्यावर आमची बारा जणांची ओळ, प्रत्येकाची जागा ठरलेली. दिवेलागणीला पाढ्यांचा परवचा व्हायचा. अडीचकी आली की एकेकानं आपली ओळ म्हणायची. दिनकर पहिला, त्याची 'एक अडीच अडीच'. मी शेवटचा, माझी 'बारा अडीच तीस'. मला सोपी ओळ मिळाली म्हणून बाकीचे माझ्यावर जळायचे. आणि एकदा सुरू झालेला परवचा मध्येच तोडायचा नाही, हा गुरुजींचा दुसरा कायदा.

पुढं आम्ही मोठे झालो. मी त्याच शाळेत मास्तर झालो. काही गडी मात्र लवकर गेले. तेव्हा गुरुजींनी प्रथा पाडली. सर्वपित्री अमावास्येला दिवेलागणीला सगळ्यांनी शाळेत जमायचं, आपापल्या जागेवर बसायचं, आणि जो गेला त्याच्या जागेवर गुळाचा खडा ठेवायचा. मग त्याच्या खोड्या सांगायच्या, पोट धरून हसायचं, आणि शेवटी अडीचकी म्हणायची. गेलेल्याची ओळ आली की सगळ्यांनी गप्प राहायचं, शेजाऱ्यानं तरटावर थाप मारायची, आणि पुढं जायचं. गुरुजी म्हणायचे, "घरचे रडून आठवण काढतात. ते त्यांचं काम. शाळेनं हसून काढायची."

गावानंही ही रीत मानली होती. शाळेनं ज्याचा खडा ठेवला तो गेला, यात मग कुणी शंका काढत नसे. त्या वर्षी हेच अंगाशी आलं.

ते साल रझाकारांच्या धामधुमीचं. सर्वपित्रीच्या दिवशी दुपारी मी बाजारात गूळ घ्यायला गेलो होतो. दुकानात चंद्रभान भेटला, आमच्या लिंबाजीचा थोरला भाऊ. लिंबाजी म्हणजे माझा शेजारी, अकराव्या जागेवरचा. निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात निरोप पोचवायचं काम करायचा. भर पावसाळ्यात पैनगंगा ओलांडताना गोळीबार झाला, आणि त्यानंतर नदीकाठाला त्याचा नुसता पटका सापडला.

"मास्तर, एक खडा जास्तीचा घ्या," चंद्रभान हळूच म्हणाला. "लिंबाजीचा."

"अरे, पण..."

"पावसाळा सरला. पुरातून कोण वर आलंय? उद्या घट बसायलेत. त्याच्या आत तानुबाईचं काय ते उरकू द्या. तुमी खडा ठिवला की गाव मानतंय."

चंद्रभान वाईट माणूस नव्हता. भावाचा पटका उशाशी घेऊन झोपायचा. त्याला वाट बघणं सोसवत नव्हतं, एवढंच. तानुबाई म्हणजे लिंबाजीची बायको. ती रोज कपाळभर कुंकू लावून पाण्याला जायची आणि बायका तिच्याकडं बघून कुजबुजायच्या. मी खडा घेतला. पिशवी उगाच जड वाटली.

दिवेलागणीला वखारीचं दार लोटून घेतलं, कारण चार माणसं जमली तरी पोलीस येऊन विचारायचे. दिनकररावानं, गुरुजींच्या मागं तो आमच्यात सगळ्यांत थोरला, कंदील मधोमध ठेवला आणि वात बारीक केली. मी खडे मांडले. चौथ्या जागेवर वैजीनाथचा, सातव्यावर बन्सीधरचा, दहाव्यावर आसारामचा. अकराव्या जागेपाशी माझा हात थांबला.

दार किलकिलं झालं. तानुबाई उंबऱ्यावर उभी होती.

"ठिवा मास्तर खडा," ती म्हणाली. "माझी ना न्हाई. पर परवचा सरस्तोवर माझ्या कपाळाला कुणी हात लावायचा न्हाई."

ती तिथंच उंबऱ्याशी बसली. तिच्या मागोमाग चंद्रभान आत आला आणि भिंतीला टेकला. मी खडा ठेवला आणि माझ्या जागेवर बसलो.

मग आम्ही हसायला लागलो. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला ओढूनताणून, पण वैजीनाथ आठवल्यावर कोण गंभीर राहील? तो सगळं चालीवर म्हणायचा. भाजीचा भावसुद्धा. त्याच्या लग्नात भटजी मंगलाष्टकं विसरले, तेव्हा हा अंतरपाटाआडून स्वतःच गायला लागला आणि 'सावधान'ही स्वतःच म्हणाला. बन्सीधर नकलाकार. तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, एक तपासनीस शाळा बंद करायच्या इराद्यानं आले होते. बन्सीधरनं दाराआडून हुबेहूब त्यांच्या नाकातल्या आवाजात टांगेवाल्याला हुकूम सोडला, "चलो, जल्दी चलो." टांगा रिकामाच निघून गेला, साहेब उन्हात स्टेशनापर्यंत पायी गेले, आणि पुन्हा म्हणून आमच्याकडं फिरकले नाहीत. आमची शाळा टिकली ती बन्सीधरच्या नाकावर.

आणि आसाराम. काय सांगू त्याचं! पेडगावच्या एका लग्नात तो वराकडच्या पंगतीला जेवला, पागोटं बदलून वधूकडच्याही पंगतीला जेवला, आणि निघताना आचाऱ्याला म्हणाला, वाढायला हात जरा आखडताच आहे तुमचा. शाळेत त्याच्या खिशात कायम गूळ. पण कुणाला मुंगीएवढा तुकडा देईल तर शपथ. पटकीनं आजारी पडला, वैद्यानं लंघन सांगितलं, तरी शेवटी विचारलं ते एवढंच की चुलीवर काय आहे.

दिनकरराव डोळे पुसत होता, हसून. मग त्याची नजर अकराव्या जागेवर गेली.

"लिंबाजीचं... आज नको," तो म्हणाला.

खरं तर लिंबाजीचं सांगण्यासारखं एकच होतं. त्याची जीभ कधी टाळूला लागली नाही. गुरुजी हजेरी घेत तेव्हा दुसऱ्यांच्या नावालाही तोच 'हजर' म्हणायचा. परवच्यात आपली ओळ यायच्या आधीच ओरडून मोकळा व्हायचा.

बाहेर अमावास्येचा अंधार दाटला होता. दिनकररावानं छडी आपटली. "एक अडीच अडीच."

"दोन अडीच पाच."

"तीन अडीच साडेसात."

आता वैजीनाथची ओळ. आम्ही गप्प झालो. शेजाऱ्यानं थाप मारायला हात उचलला, आणि तो हात तसाच राहिला.

"चाऽर अडीऽच दहाऽ..."

चालीवर. कोवळ्या आवाजात. चौथ्या जागेवरून.

माझ्या मानेवरचा केस न् केस उभा राहिला. दिनकररावानं कंदिलाकडं हात नेला, पण वात वाढवायचं धाडस त्याला होईना. तरटावर कुणी दिसत नव्हतं. सरकीचा वास एकाएकी दाट झाला, शाळेतल्या त्या दिवसांसारखा. परवचा तोडायचा नाही, हे आमच्या हाडात इतकं भिनलेलं की पाचव्यानं कापऱ्या आवाजात आपली ओळ म्हटली. सहाव्यानंही म्हटली.

"सात अडीच साडेसतरा," नाकातून आवाज आला. हुबेहूब तपासनीस साहेब.

आणि हसावं की पळावं, कळेना. भीतीतूनही मला हसू फुटलं. आठवा, नववा आपापली ओळ म्हणून मोकळे झाले. मग दहाव्या जागेवरून, माझ्यापासून दोन हातांवरून, तोंडात काहीतरी घोळवत कुणीतरी म्हणालं, "दहा अडीच पंचवीस."

आता अकरा.

उंबऱ्यावर तानुबाई उठून उभी राहिली होती. तिच्या बांगड्या किणकिणत होत्या, तेवढाच आवाज. आम्हाला सगळ्यांना एकदमच उमगलं होतं की आता काय ऐकू येणार. लिंबाजी म्हणजे सगळ्यांत बोलका. तो गेला असेल तर गप्प राहणं त्याला जमणारच नाही.

मी कान टवकारले. माझ्या शेजारी... काही नाही. नुसता अंधार. चघळल्यासारखा एक बारीक चटचट आवाज आला, तोही विरला.

"अकरा...?" दिनकरराव पुटपुटला.

काही नाही.

"बारा अडीच तीस," मी म्हटलं, आणि परवचा संपला.

मग तानुबाई बोलली, अगदी शांतपणे. "समदे बोलले. माझा धनी बोलला न्हाई." आणि ती हसली. इतकी मोकळी हसली की वखार भरून गेली. चंद्रभान भिंतीपासून उठला, तिच्यापुढं येऊन त्यानं पागोटं काढलं. "चुकलो म्या, बाई," म्हणाला. "वाट बगू. जलमभर बगू."

दिनकररावानं वात मोठी केली. वैजीनाथचा खडा जागेवर, बन्सीधरचा जागेवर, लिंबाजीचाही जागेवर. आसारामचा मात्र गायब.

"मेला तरी सुधारला नाही," दिनकरराव म्हणाला, आणि आम्ही भीती, अंधार, पोलीस, सगळं विसरून हसलो. घरी जाताना मला इतका आनंद झाला होता की रस्त्यात मी स्वतःशीच अडीचकी म्हणत होतो.

आणि लिंबाजी आला. हुरड्याच्या दिवसांत, दाढी वाढलेली, खांद्यात गोळीची खूण, पण हसत. गोळी लागून वाहत गेला होता, वऱ्हाडातल्या एका कोळ्यानं बाहेर काढलं. तानुबाईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि आधी त्याला सगळ्यांसमोर झापलं. गावात असा हुरडा पुन्हा झाला नाही.

आगटीशी बसल्यावर मी त्याला त्या संध्याकाळचं सांगितलं. तो ऐकता ऐकता गंभीर झाला.

"आवसेलाच ना? त्या दिशी माझा ताप लय चढला हुता, गड्या. कोळीण म्हणली, आज काय ह्यो ऱ्हात न्हाई. अन् मला दिसलं, म्या शाळेत बसलोय, तरटावर. परवचा चालू. माझी वळ आली. म्या तोंड उघडणार, तेवढ्यात आसारामनं आपला खडा माझ्या तोंडात कोंबला. म्हणला, गप बस, येड्या. बोललास की हजेरी लागती."

मी हसलो. आसारामनं आयुष्यात दिलेला पहिला गूळ, तोही मेल्यावर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण गुरुजींचा कायदा आठवला.

"मंग माझ्या पलीकडून तू म्हणलास, बारा अडीच तीस," लिंबाजी म्हणाला.

"होतोच की मी तिथं."

"तसं न्हाई, किशन." त्यानं निखारे हलवले. "आपले समदे मोठे गडी मला दिसतच नव्हते. फकस्त गेलेलेच दिसायले हुते, ल्हान पोरं हुऊन. अन् तू बी ल्हानच हुतास. टोपी घातलेला."

मी विषय बदलला. हुरडा गरम होता, पोरं चटणीवरून भांडत होती, सगळं छान होतं. पण तेव्हापासून सर्वपित्रीला परवच्याला बसताना मी आधी गालात गुळाचा चांगला मोठा खडा धरतो. बारावी ओळ मी सोडून देतो. लोक समजतात, म्हातारा विसरला, आणि माफ करतात.

गेल्या सर्वपित्रीला मात्र निघताना तानुबाईनं मला दाराशी थांबवलं. आता तीही म्हातारी झाली आहे, कपाळावर कुंकू अजून रुपयाएवढं. माझ्या तोंडातला गूळ अजून विरघळलाही नव्हता.

"मास्तर," ती कौतुकानं म्हणाली, "औंदा तुमची वळ लय झ्याक म्हणलाव. ह्या वयात बी आवाज किती कवळा लागलाय तुमचा."