गोदूबाईची उंच खाट

मुलांनो, क्षणभर असं समजा — ज्या माणसाशेजारी बसायला तुम्हाला सगळ्यात जास्त आवडतं, त्याच्याशेजारी जमिनीवर बसायचीच तुम्हाला बंदी आहे. मांडी घालायची नाही, खाली वाकायचं नाही. कसं वाटेल?

गोदूबाईला तसंच वाटत होतं. तिच्या खुब्याचा सांधा बदलला होता आणि तो नवा सांधा दोनदा निखळला होता. एकदा चुलीपुढे बसताना, एकदा पडलेला चमचा उचलताना. "पुन्हा निखळला तर पुन्हा ऑपरेशन," डॉक्टरांनी बजावलं. म्हणून ती महाडला लेकीकडे, सरिताकडे राहिली. नवरा कुशाबा मात्र पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या घरात, गुरांपाशी.

रोज संध्याकाळी फोन यायचा.

"जेवलीस काय गो?"

"जेवले. तुमी?"

"भात करपला."

"बरं झालं! तेवढी तरी माझी आठवण येते..."

"नाय करपला तरी येते."

मग फोनमधून कौलांवरचा पाऊस ऐकू यायचा. गोदूबाई तो ऐकत राहायची.

एके दिवशी कुशाबा म्हणाला, "चूल ओट्यावर नेली. खुर्ची, खाट, सगळं उंच केलंय. ये आता."

"एक रात्र राहून बघू," सरिता म्हणाली. "नाही जमलं, तर आईला मी परत आणणार."

गोदूबाई घरी आली, तेव्हा सोबत सरिताची मुलगी रेश्मा होती. बसताना आजीचा गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये, हे तिला पाठ होतं. तिने आजीला नव्या खुर्चीवर बसवलं, खाली वाकून नीट पाहिलं आणि म्हणाली, "पास!" कुशाबाने सुटकेचा निःश्वास टाकला.

रात्री गोदूबाई दोन पायांमध्ये उशी घेऊन खाटेवर आडवी झाली. खाटेखाली विटा होत्या. शेजारीच कुशाबाची खाट... पण ती जुनी, बुटकी. गोदूबाईने हात खाली सोडला. पोचेना. ती कडेवरून झुकू लागली —

"आजी, वाकू नको!" रेश्मा ओरडली.

गोदूबाई थांबली. "येवढी उंच कशाला केलीत?"

"तू यावीस म्हणून."

"आले की! आन् तुमी बघा कुठं ऱ्हायलात... पाताळात!"

दोघंही हसली. हात मात्र तसाच अधांतरी राहिला.

रेश्माने त्या हाताकडे पाहिलं. मग ती मागच्या पडवीत गेली आणि छातीशी दोन विटा धरून परत आली.

"आजोबा, उठा," ती म्हणाली. "तुमची खाट उचला."