उलटं ठेवलेलं काडतूस

मेविस लुंडीने पत्र टेबलावर ठेवलं आणि हातमोजे न काढताच बसून राहिली. मार्च अर्धा सरला होता, तरी मॉन्टानातला बर्फ हटायचं नाव घेत नव्हता.

आर्डिथ कोलने पत्र वाचलं. पिस्तूल बनवणाऱ्या कंपनीकडून आलेल्या चार ओळी. पिस्तुलात बाहेरून घेतलेला, दुसऱ्या कंपनीचा चाप आणि स्प्रिंग बसवलेली आढळली, सबब वॉरंटी लागू नाही.

आर्डिथने वीस वर्षं विमा कंपनीसाठी जळकी गोदामं तपासली होती. आता ती खाजगी गुप्तहेर होती. आमच्या भागात याचा अर्थ हरवलेली गुरं आणि हरवलेले नवरे शोधणं.

"म्हणजे नवीन पिस्तूल हवंय?" लाइलने विचारलं. लाइल तिचा सोबती. गाडी झकास चालवायचा, डोकं मात्र पहिल्या गिअरमध्येच असायचं.

"पिस्तूल घाला चुलीत," मेविस म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "ते फुटून माझ्या नवऱ्याच्या, ऑर्विलच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तो चाप डेनने बसवलेला. बापाच्या सत्तराव्या वाढदिवसाला, स्वतःच्या हाताने. पत्र आल्यापासून पोरगा आमच्या टेबलाला बसत नाही. शनिवारी नॉर्थ डकोटाला तेलविहिरीवर निघालाय, परत येणार नाही म्हणतो. मला एवढंच सांग, माझ्या पोरामुळे बोटं गेली का?"

"आणि तसं असेल तर?"

"तर तसं सांग. न कळण्यापेक्षा बरं."

तिने कंपनीकडून परत आलेलं पिस्तूलही आणलं होतं. फुटलेल्या नळीवर मधोमध एक फुगीर कडं उठलं होतं, सापाने उंदीर गिळल्यासारखं. आर्डिथने त्यावरून अंगठा फिरवला. पत्रात नळीबद्दल अवाक्षर नव्हतं.

नेमबाजीचं मैदान गस सांभाळायचा. त्या दिवशी तो दहा पावलांवर उभा होता.

"सहा-सात बार नीट झाले," गस म्हणाला. "मग एक फुस्स. बाटलीचं बूच निघावं तेवढाच आवाज."

"ऑर्विलने ऐकला?"

"तो कसला ऐकतोय. आधीच बहिरट, वर कानांवर झाकणं. पिस्तूल अडकलं एवढंच त्याला कळलं. 'पोराचं खेळणं अडकलं' म्हणाला, हाताने स्लाइड खेचून रिकामी पुंगळी काढली आणि परत चाप ओढला. मग फुटलं."

"उरलेली काडतुसं?"

"मीच डबा बंद करून मेविसला दिला. सगळी टोकं खाली करून उभी होती. ऑर्विलची शिस्त गावाला ठाऊक आहे."

डेन घरासमोर पिकअपमध्ये सामान भरत होता.

"चाप बसवल्यावर किती गोळ्या झाडल्यास?" आर्डिथने विचारलं.

"दोनशे. एकदाही अडकलं नाही."

"मग दोष तुझा कसा?"

"कंपनीने लिहिलंय ना, मिसेस कोल." त्याने दोरी आवळली. "डॅडने वाचलं. नाही म्हणाला नाही."

ऑर्विल गॅरेजमध्ये बसला होता, पट्टी बांधलेला हात मांडीवर. समोर काडतुसं भरायचं यंत्र होतं, हाताने फिरवायच्या तबकडीचं. एका पुंगळीत बंदुकीची दारू पडली की तबकडी एक घर फिरवायची, मग पुढची. बाकावर धूळ होती. तराजूवर मात्र नव्हती.

"तुझी काडतुसं कधी फसली?" आर्डिथने विचारलं.

"पस्तीस वर्षांत एक नाही. अर्ध्या गावाला मी शिकवलंय." तो भिंतीकडे बघत बोलत होता.

"ही काडतुसं भरलीस त्या गुरुवारी मात्र तीनदा हाक मारली तेव्हा उठलास," दारातून मेविस म्हणाली. "जेवण निवून गेलं, आणि घास गिळून लगेच परत इकडे."

लाइलने फडताळावरचा डबा उघडला. "एक उलटं राहिलंय बघ," म्हणून तो ते काडतूस सरळ करायला गेला.

"हात लावू नकोस," आर्डिथ म्हणाली.

तिने ते आणि त्याच्या शेजारची दोन काडतुसं खिशात टाकली. ऑर्विलने पाहिलं, पण अडवलं नाही.

शुक्रवारी दुपारी सगळे लुंडींच्या स्वयंपाकघरात जमले. डेन दारातच उभा राहिला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी झालीय," आर्डिथ म्हणाली. "चापाने नळी अशी मधोमध फुगत नाही. आत काहीतरी अडकलेलं असलं तरच फुगते. गसने ऐकलेला फुस्स आवाज म्हणजे दारू नसलेलं काडतूस. पुंगळीच्या बुडातल्या टोपीच्या ठिणगीने गोळी नळीत ढकलली आणि ती तिथेच राहिली. पुढची गोळी तिच्यावर आदळली."

"दारू कुठे गेली मग?" लाइलने विचारलं.

"या उलट्या काडतुसात. शेजारच्या दोन्हींपेक्षा हे बरोबर एका मापाने जड भरलं. ऑर्विल मध्येच जेवायला उठला. परत आल्यावर तबकडी किती फिरवली होती हे चुकलं. एका पुंगळीत दोनदा दारू पडली, एक कोरी गेली."

मेविसने खुर्चीची पाठ धरली. "मी हाक मारली म्हणून."

"जेवायला हाक मारणं गुन्हा नाही," आर्डिथ म्हणाली. "एरवी पिस्तूल अडकलं तर ऑर्विलने आधी नळीत डोकावून पाहिलं असतं. पण पार्ट बाहेरचा, पोराने बसवलेला. दोष तिथेच असणार असं तो धरूनच चालला होता. कंपनीनेही तेच धरलं."

"आणि ते उलटं कुणी ठेवलं?" डेन त्या दुपारी पहिल्यांदाच बोलला.

आमच्याकडे काडतुसं भरणाऱ्या कुणालाही विचारा. शंका आलेलं काडतूस डब्यात उलटं ठेवतात, म्हणजे चुकून झाडलं जात नाही. गसने डबा दिला तेव्हा सगळी सारखी उभी होती. धूळ पुसलेला तराजू या घरात एकच माणूस वापरायचा.

"दवाखान्यातून आल्या दिवशीच सगळी काडतुसं तोलली," ऑर्विल म्हणाला. "डाव्या हाताने."

"म्हणजे पत्र आलं तेव्हा तुला माहीत होतं?" मेविसने विचारलं.

"होतं. लाज वाटली. ज्यांना शिकवलं ते काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं."

डेन ओरडला नाही. त्याला राग यायला हवा होता, तिथल्या सगळ्यांनाच यायला हवा होता. पण त्या घरात महिनाभरापासून सगळंच सुन्न झालं होतं.

"कंपनीला लिहायचं," ऑर्विल म्हणाला. "घरी भरलेल्या काडतुसांनाही वॉरंटी नसते, काही मिळणार नाही. तरी लिहायचं."

त्याने उजव्या हातात पेन धरलं. ते पट्टीवरून घसरून टेबलावर पडलं. डाव्या हाताने एक रेघ ओढली, ती वाकडी गेली. मेविस पुढे झाली तशी आर्डिथने तिचा दंड धरला.

डेनने दारातून येऊन खुर्ची ओढली आणि पेन घेतलं.

"सांग."

"लिही. चूक माझ्या काडतुसाची होती. माझ्या मुलाने बसवलेल्या चापात काहीही दोष नव्हता."

डेनने लिहिलं.

"वाच," ऑर्विल म्हणाला.

डेनने पहिलं वाक्य वाचलं. दुसऱ्याच्या मध्यात त्याचा आवाज थांबला, तेव्हा उरलेलं ऑर्विलने पाठ म्हटलं.