ल ला दुसरी वेलांटी

दोष वामन गुरुजींचा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण जव्हारमध्ये आता कोणी मोबाइलला बोल लावतं, कोणी नशिबाला. मोबाइल गुरुजींच्या हातात होता आणि बोटही त्यांचंच होतं.

गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. पाड्यावरची पोरं घरात वेगळं बोलतात आणि शाळेत येऊन मराठी शिकतात. अशा पोरांच्या बोटांवर पट्टी मारण्यात गुरुजींची नोकरी गेली. 'मना' म्हटलं की पट्टी. 'मला' म्हण. हरेशनेही ती खाल्ली होती. पुढे त्याने कॉलेज अर्धवट सोडलं आणि बाजारात मोबाइल दुरुस्तीचं टेबल टाकलं, तर गुरुजी जाता-येता थांबून म्हणायचे, "वेलांट्या नीट शिकला असतास तर इथे स्क्रू पिळत बसला नसतास." हरेश मान खाली घालून स्क्रू पिळायचा. मनात जे बोलायचा त्यातलं एकही अक्षर शुद्ध नसायचं.

हेच गुरुजी 'तारपाप्रेमी जव्हार-मोखाडा' या ग्रुपचे ॲडमिन होते. ग्रुप मात्र झकास. कोणाचा तारपा कुठे वाजला, कोणी त्या फुंकवाद्याला भोपळा नवा बसवला, कोण ताडी पिऊन बेसूर झाला, कुठल्या पेपरात तारप्याच्या फोटोखाली 'सनई' छापलं, दिवसभर हेच. "त्या पेपरवाल्याच्या लग्नात तारपाच नेऊ, बायको पळून जाईल," असं काळ्याने टाकलं की सगळा ग्रुप हसून लोळायचा. काळ्या म्हणजे हरेशचा दोस्त, माइक-स्पीकर भाड्याने देणारा. आणि या सगळ्या हसण्याच्या खाली गुरुजी येऊन लिहायचे: "'वाजिवला' नव्हे, 'वाजवला'."

हरेश त्या ग्रुपमध्ये एकाच माणसासाठी होता. जिवा वारली. वांगणीकडच्या पाड्यावरचा हा म्हातारा गाल फुगवून नाकाने श्वास ओढायचा आणि तोंडाने सोडत राहायचा, त्यामुळे सूर कुठे तुटायचाच नाही. भोपळ्यातून, बांबूच्या नळ्यांतून, पुढच्या ताडाच्या पानाच्या भोंग्यातून तो घुमत बाहेर पडायचा आणि नाचणारे हात गुंफून त्याच्याभोवती फिरायचे. फिरताना तारप्याकडे पाठ कोणी करत नाही. का, हे कोणी सांगत नाही. करत नाही, एवढंच.

भात कापणीच्या सुमाराला एका सकाळी ग्रुपवर जिवाचा फोटो आला. खाली गुरुजींची ओळ होती: "ज्येष्ठ तारपावादक जिवा वारले. साऱ्या तालुक्याला त्यांचा अभिमान."

लिहायचं होतं आडनाव, 'वारली'. ल ला दुसरी वेलांटी. पडली मात्रा. कौतुकाची ओळ मरणाची बातमी झाली.

जोडलेल्या हातांची रांग लागली. भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, एकाने तर गडबडीत 'भावपूर्ण शुभेच्छा'. काळ्याने तेवढं विचारलं: "गुरुजी, हे आडनाव आहे का म्हातारा मेला?"

गुरुजींनी ओळ परत वाचलीच नाही. सवयीने उत्तर दिलं: "'मेला' नव्हे. 'निधन पावले' असे लिहावे."

झालं. शिक्का बसला.

हरेशने जिवाच्या मुलीला, गौराला फोन लावला. पलीकडून धपाधप आवाज येत होता.

"गौरा… बाबा कसे गेले?"

"कुठं गेले? बा भात झोडतोय. बोलायचं का?"

हरेशने टेबलावर फडकं टाकलं आणि तडक गुरुजींच्या घरी गेला. ते पडवीत पेपर वाचत होते, हातात लाल पेन. छापील चुकांभोवती गोल करायचा त्यांना नाद.

"गुरुजी, जिवाबाबा जिवंत आहे. ती ओळ बदला."

"कोणती?"

"वारले लिहिलंत. वारली पाहिजे."

गुरुजींनी मोबाइल नाकाशी धरला. बघता बघता त्यांचे कान लाल झाले. हरेशला वाटलं, आता करतील. एक मात्रा पुसायची आणि वेलांटी द्यायची, तेवढंच तर काम.

"माझ्या हातून अशी चूक होत नाही," गुरुजी म्हणाले.

"अहो, पण झालीय ना! सगळ्यांनी श्रद्धांजली वाहिली."

"मग मी आता सगळ्यांना सांगू, की वामन गुरुजींना वेलांटी कळत नाही? आणि तू सांगणार मला? नापास पोरगा?"

"नापास नाही झालो. सोडलं."

"तेच ते. अरे, पिकलं पान आहे. आज ना उद्या व्हायचीच ती बातमी."

असं बोलून त्या माणसाने पेन उचललं आणि पेपरातल्या कुठल्याशा ऱ्हस्व उकाराभोवती गोल केला.

हरेश दुसऱ्या दिवशी जीप पकडून पाड्यावर गेला. जिवाला सगळं वाचून दाखवलं तेव्हा तो पोट धरून हसला. "म्हंजे मी मेलो आन मनाच सांगितला नाय!" हरेशने त्याचा आवाज मोबाइलमध्ये घेतला. "मी जिवा वारली. जिता हाय. मास्तर, तेवढा नीट लिव." आणि पुढे तारप्याची एक छोटी फुंक. चढावरच्या झाडाखाली रेंज येते, तिथे उभं राहून हरेशने ते ग्रुपवर टाकलं.

तो खाली उतरेपर्यंत ते पुसलं गेलं होतं. जागी गुरुजींची ओळ होती: "जुने ध्वनिमुद्रण आहे. अफवा पसरवू नयेत." आणि हरेश ग्रुपबाहेर.

आता हा नुसता मोबाइलमधला खेळ असता तर जिवा हसण्यावारी नेऊन मोकळा झाला असता. पण जामसर गावाला नव्या भाताच्या नाचाचं त्याला आधीपासून बोलावणं होतं. तो तारपा खांद्याला लावून पोचला, तर अंगण गप्प झालं. बायांनी पोरं आत ओढली. बातमी सगळीकडे पोचली होती, दिवंगत जिवाचा फोटो घरोघरच्या मोबाइलवर होता आणि तोच माणूस दारात उभा होता. त्याने तारपा तोंडाला लावला, गाल फुगवले आणि वाजवला. त्याच्यासमोर हात गुंफायला कोणी आलं नाही. एक म्हातारा लांबूनच म्हणाला, "जा बाबा… जिथला तिथं जा."

जिवा घरी आला, तारपा आढ्याला टांगला आणि परत काढला नाही. कापणी सरायच्या आत तो गेला. खराखुरा.

"लोकांनी आधी मारला, मंग तो मेला," गौरा हरेशला म्हणाली. ती रडत नव्हती. आढ्याखालची तारप्याची जागा रिकामी होती. तारपा त्याच्याबरोबरच दिला होता. "शेवटी एकच बोलला. मास्तराला सांग, माझा दम अजून सरला नाय."

गुरुजींनी काय करावं? शोकसभा ठेवली. समाजमंदिरात, दुपारी. निमंत्रणात लिहिलं, 'सर्वप्रथम वृत्त देणारे वामन गुरुजी श्रद्धांजली अर्पण करतील.' हरेशने ते काळ्याच्या मोबाइलवर दोनदा वाचलं. माणूस इतका निर्लज्ज असू शकतो, यावर त्याचा विश्वास बसेना.

"माइक तुझा आहे ना?" त्याने काळ्याला विचारलं.

"माझाच."

"मग मी येतो तुझ्या मशीनवर बसायला. भाषण रंगात आलं की म्हाताऱ्याचा आवाज लावायचा. 'मी जिता हाय' तो. बाहेरच्या भोंग्यावर, सगळ्या जव्हारला ऐकू गेला पाहिजे. मग बघू चूक कोणाची."

"हऱ्या, मार खाशील."

"लहानपणीच खाऊन झालाय."

त्या दुपारी ढग खाली उतरले. पावसाळा संपून गेला होता, तरी धुकं खिडक्यांना येऊन चिकटलं आणि समाजमंदिरातल्या ट्यूबलाइटी पिवळट दिसायला लागल्या. पुढच्या खुर्च्यांवर जव्हारची शिकली-सवरलेली मंडळी होती. मागे सतरंजीवर पाड्यावरची माणसं, त्यांत गौरा. हार घातलेल्या फोटोजवळ उदबत्ती जळत होती, पण हरेशला वास येत होता मेणाचा. तारप्याच्या नळ्या बसवताना वितळवतात त्या काळ्या मेणाचा, आणि वाळलेल्या भोपळ्याचा. त्याने इकडेतिकडे पाहिलं. तारपा कुठेच नव्हता.

गुरुजी माइकसमोर आले, चष्मा पुसला, घसा साफ केला. हरेशने मोबाइल हातात घेतला. मशीनला जोडायची वायर अजून त्याच्या दुसऱ्या हातात लोंबत होती.

"बंधू-भगिनींनो… ज्येष्ठ तारपावादक… जिवा वार…"

शब्द पुढे सरकेना. 'र' तिथेच राहिला. आधी वाटलं, गहिवर आला. मग तो 'र' लांबला. लांबत गेला, जाड झाला, घुमायला लागला… आणि सतरंजीवरच्या माणसांनी एकदम माना वर केल्या.

"काळ्या, काय लावलंस?" हरेश पुटपुटला.

"मी? मी काय नाय… वायर तुझ्या हातात हाय." काळ्याने वाकून मशीनची पिन उपटली. लाल दिवा विझला.

सूर चालूच होता.

गुरुजींचे गाल फुगले होते. नाकपुड्या ताणून हवा आत जात होती आणि उघड्या तोंडातून तो आवाज बाहेर पडत होता, मध्ये खंड न पडता. नव्या भाताची चाल. जामसरच्या अंगणात जिच्यासमोर कोणी आलं नव्हतं, तीच. गुरुजींचे डोळे मात्र गुरुजींचेच होते. ते पहिल्या रांगेवरून फिरत होते, मागे सतरंजीपर्यंत जात होते, आणि शेवटी हरेशवर येऊन थांबले. त्यांत विनवणी होती. वर्गात पट्टी वर गेल्यावर पोरांच्या डोळ्यांत असते, तसली.

हरेशला आनंद झाला. खोटं कशाला बोला, झाला. जाऊन पाठीवर थाप मारावी, पाणी द्यावं, असं त्याच्या मनातही आलं नाही. वाजव, म्हणाला तो मनात. वाजव, मास्तर. दम टिकव.

पाड्यावरची माणसं उठली. न बोलता त्यांनी हात गुंफले. आणि गुरुजींकडे तोंड ठेवून, पाठ न करता, एकेक पाऊल मागे टाकत दाराकडे निघाली. पुढच्या खुर्च्यांवरचे लोकही उठले. त्यांना कोणी ही रीत शिकवली नव्हती, तरी तेही उलटेच चालू लागले, बायका, वकील, डॉक्टर, सगळे एकाच ठेक्यात. काळ्याने हरेशचा हात धरला. तेव्हा हरेशने खाली पाहिलं. त्याचे स्वतःचे पायही मागे पडत होते… आणि तो ते टाकत नव्हता.

मग मात्र त्याने पाय रोवून पाहिले. रोवले गेले नाहीत.

गौरा तेवढी जागेवर होती. ती चालत पुढे गेली, गुरुजींच्या अगदी समोर, आणि लहान पोराला समजवावं तसं हळू म्हणाली, "बा… पुरे आता. दमशील."

सूर थांबला. गुरुजी खाली बसले. त्यांच्या ओठांच्या कडेला काळं मेण लागलेलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. श्वाससुद्धा ऐकू आला नाही.

काळ्या अजून शपथा घेऊन सांगतो, मशीन बंद होतं. हरेशला ते पटवून द्यायची गरज नाही. त्याचं वेगळंच दुखणं आहे. जिवाचा तो आवाज त्याने दुसऱ्या दिवशी टेबलावर बसून ऐकला. मुळात तो एवढासा होता, एक वाक्य आणि एक फुंक. आता फुंक संपतच नव्हती. आणि तारप्याच्या मागे, लांबच्या वर्गातून यावा तसा एक खणखणीत आवाज होता. तो त्याच्या चांगला ओळखीचा होता.

"व ला काना वा… र… ल ला दुसरी वेलांटी, ली. वारली." मग पट्टीचा फटका. मग पुन्हा पहिल्यापासून. "व ला काना वा…"

हरेशने तो पुसून टाकला. दुरुस्तीला आलेल्या कोणाच्या तरी मोबाइलमध्ये तो परत सापडला, पहिल्यापेक्षा लांब. आता तर ग्रुपमधली माणसं एकमेकांना विचारतात, हे कोणी टाकलं, कधी टाकलं. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी 'जिवा वारली' आहे. जिवाकडे मोबाइल कधीच नव्हता.

गुरुजी पडवीत बसलेले दिसतात. पेपर पुढ्यात असतो, पेन नसतं. बोटांची पेरं सुजून काळीनिळी झालीत. सून शेकते, उतरत नाहीत. सकाळी थोडी बरी वाटतात, तर रात्रीतून पुन्हा तशीच होतात. डॉक्टर म्हणतात, घशात काही दोष नाही.

वामन गुरुजींचा आवाज गेला. परत आला नाही.