वगळलेला भाग

आमच्या प्रयोगशाळेत तारे मारायचं काम चालतं, म्हणजे संगणकावर. तारा स्वतःच्याच वजनानं कोसळतो, भोवती क्षितिज, म्हणजे ओलांडल्यावर परत फिरता येत नाही अशी सीमा, तयार होतं, आणि त्याच्या आतला भाग आम्ही गणितातून सरळ कापून टाकतो. तिथून बाहेर काहीच येत नाही, मग फुकटची आकडेमोड कशाला? क्षितिजाशी पोचणारी वस्तू बाहेरून पाहणाऱ्याला मंदावत, तांबूस आणि अंधूक होत थिजल्यासारखी दिसते; तिच्या लेखी मात्र क्षणच गेलेला असतो.

ही युक्ती माझ्या दादाची. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, म्हणजे त्याच्या मार्गदर्शक सरांनी, त्याचा प्रबंध नापास केला आणि वर्षभरात तीच युक्ती स्वतःच्या नावावर छापली. दादानं हाय खाल्ली, त्यातच तो गेला. मी इथे नोकरी धरली ती एवढ्याचसाठी: सरांच्या तोंडून त्याचं नाव वदवून घ्यायचं.

सोमवारी दुपारी कापलेल्या भागाच्या कडेला आकड्यांची खरखर दिसली. ती थोडीफार असतेच. सवयीनं मी ती फाइल दाबून लहान करायला टाकली. निव्वळ खरखर लहान होत नाही. तिच्यात पुन्हापुन्हा येणारं, दाबण्याजोगं काही नसतं. ही निम्मी झाली. पुन्हा गणित चालवलं, तर पाव झाली. म्हणजे तिच्यात काहीतरी ठरावीक दडलं होतं.

तिचा आवाज करून ऐकला. कोणीतरी घसा खाकरला. बोलण्याआधी दादा खाकरायचा, अगदी तसा.

मी सरांना बोलावून ऐकवलं.

"आतून काही बाहेर येत नसतं," ते म्हणाले. "तुझ्या प्रोग्रॅममध्ये घोळ आहे."

"ही युक्ती कोणाची, सर?"

"माझी. हे काय विचारणं झालं?"

स्पीकर पुन्हा खाकरला. सर पांढरेफटक पडले.

"बंद कर ते!"

"आधी त्याचं नाव घ्या."

ते स्वतःच बंद करायला पुढे झुकले. पडद्यापाशी त्यांचा हात मंदावला. मग खांदा. चेहऱ्यावर तांबूस झाक आली आणि अंधूक होत गेली. ओठ उघडले.

नावाचं पहिलं अक्षर आलं.

लांबलं.

लांबतच राहिलं.

मला त्यांना मागे खेचता आलं असतं. नाही खेचलं.

आता ते दवाखान्यात आहेत. सगळे म्हणतात, झटका आला. त्यांच्या लेखी अजून सोमवारच असेल. असू दे. दादाला कुठे सुटका मिळाली होती?

गुरुवारी डॉक्टरांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"तुम्ही यांच्या कोण?"

"यांच्या विद्यार्थ्याची बहीण."

त्यांनी खोलीचं दार ओढून घेतलं.

"सोमवारी मी डोळ्यांत टॉर्च मारला होता," ते हळूच म्हणाले. "बाहुल्या आज सकाळी आकसायला लागल्या."