नऊशेची कॅसेट

"नऊशे रुपये? ह्या कॅसेटचे?"

"हो, ताई."

"कोपरा तुटलाय हिचा. वर टेप गुंडाळलीय!"

"दिसून राह्यलं मला, ताई. किंमत तीच."

काउंटरमागचा तरुण हसला. राग मला किमतीचा आला होता, त्यात हे हसणं. अगदी शांत, खालच्या ओठाच्या एका कोपऱ्यातून आलेलं... आपल्याला काही माहीत आहे आणि ते सांगायचं नाही, असं.

मी तिथं जाणार नव्हतेच. जालन्यात मावशीकडे राहून एम.ए. करत होते, शनिवारी अंकुशनगरला घरी जायचे. स्टँडकडे निघाले असताना त्या व्हिडिओ गेमच्या दुकानातल्या वरच्या फळीवर लाल टेप दिसली आणि पाय थांबले.

ती टेप बाबांनी गुंडाळलेली होती. बाबा साखर कारखान्यात फिटर. बादलीचा कान, चष्म्याची काडी, कॅसेटचा कोपरा – घरात जे मोडेल ते लाल टेपनं जोडायचं, हा त्यांचा नेम. दर रविवारी आम्ही दोघं टीव्हीसमोर बसून टँकचा गेम खेळायचो. दिवाळीच्या आधी ते जालन्याला आले आणि ही कॅसेट देऊन मोटारींच्या शर्यतीची घेऊन आले. तेव्हा तशीच पद्धत होती. जुनी कॅसेट आणि वर तीस रुपये दिले, की दुसरी मिळायची. "सुट्टीत तुला काहीतरी नवं," म्हणाले. सुट्टी संपली आणि थोड्याच दिवसांत बाबा गेले. सकाळी पाळीवर जायला निघाले, आणि दारातच.

आता मला ती कॅसेट परत हवी होती. तीच.

हे सगळं त्याला सांगता आलं असतं. पण 'वडील गेले' म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, आवाज खाली येतो. त्या चेहऱ्यांना मी विटले होते. मला दया नको होती, रास्त भाव हवा होता.

"ती सीडीवाली मशीन केवढ्याची?" मी विचारलं.

"नऊ हजार."

"आणि तिचा गेम?"

"सीडी शंभरला."

"ही मधली?"

"सोळा बिटवाली. मशीन तीन हजार, कॅसेट साडेपाचशे."

"म्हणजे नऊ हजारांच्या मशीनचा गेम शंभरला, आणि आमच्या हजाराच्या आठ बिटच्या डब्याचा नऊशेला? ज्याला परवडत नाही, त्यालाच महाग? हा कुठला न्याय?"

"सीडी म्हंजे नुसती तबकडी, ताई. छापायला काही खर्चा न्हाई. कॅसेटीत आत चिप लागते."

"मग आठ बिटच्या सगळ्याच कॅसेटी नऊशेला?"

"न्हाई. बाकीच्या दीडशेला."

"आणि ही?"

"ही नऊशे."

"कारण?"

"कारण..." त्यानं क्षणभर फळीकडे पाहिलं. "न्हाई."

मी पाय आपटत निघाले. बस चुकली होती.

आठवडाभर मी शहरातली उरलेली दोन दुकानं पालथी घातली. औरंगाबादच्या मैत्रिणीला फोन करून तिथले भावही काढले. पुढच्या शनिवारी थेट त्याच्यासमोर उभी राहिले.

"हाच टँकचा गेम पलीकडच्या गल्लीत सव्वाशेला आहे. औरंगाबादेत एकशे दहा. नवा कोरा!"

"मंग घ्या ना तिथून."

"मला हीच हवी."

"खेळ तर तोच हाय. हीच का?"

"कारण..." माझी नजर आपोआप फळीकडे गेली. "नाही."

तो एवढा मोठ्यानं हसला, की शेजारचा कापडवाला डोकावला. मग त्यानं मोसंबीचा रस मागवला. मी ग्लासकडे संशयानं पाहिलं. "नऊशेत धरलाय का हा?"

"हा फुकट. भांडून घसा सुकला आसंल तुमचा..."

'ताई' म्हणायचं तो त्या दिवशी विसरला. पुन्हा कधी त्याला आठवलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

त्याचं नाव भुजंग. मूळचा भोकरदनचा. मशिनी दुरुस्त करता करता अंगठ्यावर डाग पडलेले. कॅसेट लावण्याआधी तो डोळे मिटून तिच्यात हळूच फुंकर मारायचा, आणि मी दुसरीकडे बघायचे. माझ्या हातात दर शनिवारी वेगळं पुस्तक दिसायचं, म्हणून एकदा त्यानं विचारलं, "एवढं वाचता, तरी राग कमी व्हत न्हाई?"

"वाचल्यामुळेच येतो."

"मंग वाचत जा. भारी दिसता रागात."

"भाव कमी करा, मग बघा कशी दिसते!"

"तेच तर भ्याव हाय... भाव कमी केला तर याल का पुन्हा?"

मी पुस्तक उचललं आणि स्टँडकडे निघाले. कान मात्र तापले होते. बसमध्ये खिडकीशी बसून मी स्वतःवरच चिडले. घरात सुतक फिटून दोन महिने झाले नाहीत, आणि मी शनिवारची वाट बघत होते.

मग तो शनिवार आला. मी दुकानात असतानाच मोटारसायकलवरून एक ठेकेदार उतरला, सोबत हट्ट करणारा मुलगा. मुलाचं बोट नेमकं लाल टेपकडे. भुजंगनं नऊशे सांगितले. ठेकेदारानं खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढून काउंटरवर आपटल्या.

मी पर्स चाचपली. एवढे पैसे माझ्याकडे नव्हते.

"बाराशे," भुजंग म्हणाला.

"आरे, आत्ता नऊशे म्हणला ना तू?"

"आता वाढली."

ठेकेदार त्याचा उद्धार करत, मुलाला ओढत निघून गेला. माझ्या जिवात जीव आला, आणि त्याच्या मागोमाग राग.

"म्हणजे तुम्हाला ती विकायचीच नाही! महिनाभर माझ्याशी उगीच हुज्जत घातलीत!"

"न्हाईच विकायची."

"मग फळीवर कशाला मिरवलीत?"

"ज्याची हाय त्याला रस्त्यावरून दिसावी म्हणून." आता तो हसत नव्हता. "अंकुशनगरचे एक काका हायेत, कारखान्यातले. दिवाळीच्या आधी आल्ते. म्हणले, पोरगी चार दिवस नवीन खेळंल, मंग तिला हीच पाहिजे. कुणाला देऊ नको. मी शब्द दिला. लई भांडायचे... तुमच्यावानीच. गरिबाच्या डब्यालाच गेम महाग का म्हणून. येतील एखाद्या दिवशी."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत मी थांबले.

"ते येणार नाहीत," मी म्हणाले. "मी त्यांचीच मुलगी. सत्यशीला."

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. तो बदलताना मला बघायचा नव्हता. स्टूल सरकल्याचा आवाज आला. त्यानं कॅसेट खाली काढली, सदऱ्याच्या टोकानं धूळ पुसली, फुंकर मारली आणि माझ्यासमोर ठेवली.

"तीस रुपये," तो म्हणाला. आवाज जरा घोगरा, पण खाली आलेला नव्हता. "आणि मोटारीची कॅसेट बदलीत द्यावी लागंल."

दोन महिन्यांत सगळ्यांनी माझं सांत्वन केलं होतं. रास्त भाव त्यानं एकट्यानं दिला. मी तीस रुपये मोजले, आणि मग तिथंच, काउंटरला धरून, पहिल्यांदा मनसोक्त रडले. तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला, कुणी गिऱ्हाईक आत येऊ नये म्हणून.

मोटारींची कॅसेट न्यायला तो रविवारी स्वतःच अंकुशनगरला आला. आईला भेटला, बाबांच्या फोटोसमोर मोसंबी ठेवली. चहा झाल्यावर आईच म्हणाली, "लाव ना तुमचा तो गेम. लई दिवस झाले आवाज न्हाई घरात."

दुसरा रिमोट मी त्याच्या हातात दिला. पहिल्याच फेरीत त्यानं माझ्याच टँकवर गोळी झाडली.

"अहो! मी तुमच्या बाजूनं आहे!"

"दिसलं न्हाई..."

"मुद्दाम करताय तुम्ही!"

आत आई हसत होती. किती दिवसांनी.

तो रविवारी येत राहिला. उन्हाळा सरत आला तेव्हा एकदा, पडद्यावरची नजर न काढता, तो म्हणाला, "एक भाव विचारू? दर रविवारी एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं, वर मोसंबी... आणि दुसरीकडं, एक माणूस कायमचं जालन्याला नेलं तर... काय बराबर पडंल?"

माझा टँक जागीच थांबला. "म्हणजे स्वस्त पडते म्हणून नेणार मला?"

"न्हाई," तो घाईघाईनं म्हणाला. "महाग हायेत तुम्ही... लई महाग. म्हणून तर विचारायला एवढे दिवस लागले."

"आणि बदलीत?"

"बदलीत कुणी काही दिलं, तरी परत देणार न्हाई."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो लाल झाला होता, अगदी त्या टेपसारखा. मी रिमोट उचलला, नेम धरला आणि त्याच्या टँकवर गोळी झाडली.

"आहो! मी तुमच्या बाजूनं हाय!"

"माहीत आहे," मी म्हणाले. "खेळा आता."