व्हॉल्व्ह स्वयंपाकघराकडे

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, माहीत आहे. मीही ठेवला नव्हता. पण वृषभ मगदूम माझा सख्खा मावसभाऊ. भुताखेतांचा विषय निघाला की तोंडावर हसणारा. त्याचं ते हसणं बंद झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगतोय.

गेल्या फेब्रुवारीतला रविवार. कोल्हापुरात शाहूपुरीतलं त्याचं घर. आणि वेळ रात्रीची नाही... संध्याकाळचे पाच. चांगलं लख्ख ऊन होतं.

बाईक वृषभच्या नावावर, पण पळवते त्याची बायको आदिती. रोज हुपरीच्या शाळेत शिकवायला जाते. खड्ड्यात आपटून पुढचं चाक वाकलं, तेव्हा वृषभने पिराजी भंगारवाल्याकडून जुनं चाक आणलं. कुणाच्या गाडीचं, काय झालं त्या गाडीचं, काही विचारलं नाही.

साबणाचं पाणी लावून त्याने नवा टायर चढवला. मग अंगणात दोन स्टुलांवर एक्सलचा दांडा टेकवून मध्ये चाक लटकवलं. बॅलन्सिंगची ही घरगुती पद्धत. चाक हलकेच फिरवायचं, जड बाजू आपोआप खाली येते. तिच्या समोर वजनाची पट्टी चिकटवायची. चाक कुठेही थांबायला लागलं की झालं काम.

चाक फिरलं. थांबलं.

हवा भरायचा व्हॉल्व्ह... आडवा. स्वयंपाकघराच्या दाराकडे.

जड बाजू खाली जाईल, आडवी कशी थांबेल? त्याने बेअरिंगला शिवी हासडली, तेल सोडलं, पुन्हा फिरवलं.

पुन्हा... स्वयंपाकघराकडे.

"आवं, जेवायला या की! दिस मावळायला आलाय," स्वयंपाकघरातून आदितीने हाक मारली. जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात.

"आलो, आलो!"

"तवर मी कापडं काढून आणते," म्हणत ती जिन्याने गच्चीवर गेली.

आणि कुणीही हात न लावता...

चाक हललं.

टिक... टिक... टिक.

व्हॉल्व्ह वर चढला. बरोब्बर माथ्यावर थांबला.

आदिती खाली आली, तसा तोही खाली आला. ती फाटकाला कडी लावायला गेली. व्हॉल्व्ह फाटकाकडे.

उद्या हेच चाक लावून ती हुपरीला जाणार होती!

"उद्या एसटीनं जा," तो कसाबसा म्हणाला. "चाक अजून झालेलं न्हाय."

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही.

सकाळी आदिती गेली. अकरा वाजता वृषभ चाक काढायला अंगणात आला. घरात तो एकटाच. आज तरी चाक गप्प असेल, असं त्याला वाटलं.

व्हॉल्व्ह... स्वयंपाकघराकडे.

त्याने घाईघाईने फोन लावला. "कुठं हाईस?"

"शाळंत की. का वं?"

"काय न्हाय. सहज."

"घरात कोण आलंय?"

"कोण न्हाय. मी एकटाच हाय."

"मग मागं भांडी कोण घासालंय?"

वृषभला कसलाच आवाज येत नव्हता. स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून कडी होती.

टिक... टिक...

व्हॉल्व्ह वर चढू लागला. गच्चीकडे.

तेव्हा त्याला कळलं. चाक आदितीला दाखवतच नव्हतं. तिच्या मागोमाग जे फिरत होतं, ते दाखवत होतं. आणि आज ते तिच्याबरोबर गेलं नव्हतं.

त्याने चाक उचललं आणि रिक्षाने थेट पिराजीकडे नेलं. पिराजीने ते एका गजात अडकवलं. वृषभने फिरवून बघितलं. एकदा, दोनदा, दहादा.

चाक कुठेही थांबत होतं.

"पावणं, चाक तर झ्याक हाय की," पिराजी म्हणाला.

खरंच झकास होतं. म्हणजे जे काही होतं, ते चाकाबरोबर परत आलंच नव्हतं. घरीच राहिलं होतं.

चाक तिथेच टाकून तो तसाच घरी पळाला. पण ते कुठे आहे, हे फक्त चाकच दाखवू शकत होतं, म्हणून रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी ते परत मागायला गेला. कोणीतरी ते घेऊन गेलं होतं. कोण, ते पिराजीलाही ठाऊक नव्हतं.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे जेवायला होतो. आदिती हसतखेळत वाढत होती. तिला यातलं काहीच सांगितलेलं नाही.

वृषभचा घास हातातच राहिला होता. तो तिच्याकडे बघत नव्हता.

तिच्या मागे बघत होता.